अर्ध्या रेसची पाचर

ओंडक्यातून कोळीण कोरत तिच्या नाकाशी आले होते आणि नेमकी तेव्हाच गुरूने मागून हाक मारली. मशीन चालू असताना मागून हाक मारायची नाही, हे त्याला शंभरदा सांगून झालं होतं. मी रेस सोडली, साखळी थांबली, आणि मग वळले.

"पत्र इला," तो म्हणाला.

"कसला?"

"कलाकेंद्राचा. परीक्षेक बोलवल्यानी."

गुरू म्हणजे गुरुनाथ, माझा भाऊ. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, दणकट. त्याच्या हातात लिफाफा होता आणि नजर कोळणीवर. माझ्याकडे बघायचं तो टाळत होता. मी हातमोजे काढून पत्र घेतलं. हायवेला लागून एक नवीन कलाकेंद्र निघणार होतं. वादळात पडलेल्या झाडांच्या ओंडक्यांतून मूर्ती कोरायला शिकवतील असा एक शिक्षक त्यांना हवा होता. राहायला खोली, कायमची जागा. अर्जासोबतच्या कामांचे फोटो पसंत पडले असून प्रत्यक्ष परीक्षेसाठी पुढच्या गुरुवारी यावे, असं लिहिलं होतं. नाव गुरूचं होतं. कोपऱ्यात अर्जातला एक फोटो छापला होता. माझं घुबड.

माझंच होतं ते. फणसाच्या बुंध्यातून काढलं होतं, डोळ्यांभोवतीची पिसंसुद्धा मशीननेच. गुरूने फक्त मोबाईलवर फोटो काढला होता. मला वाटलं होतं, कुणा मित्राला दाखवायला काढतोय.

आता हे मशीन म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. झाडं तोडायची साखळीची करवत, पेट्रोलवर चालणारी. आम्ही जातीचे सुतार. आबांनी, आमच्या वडिलांनी, उभा जन्म पटाशी आणि वाकस चालवली. वादळाच्या साली रस्त्यावर आडवी पडलेली झाडं कापायला त्यांनी हे मशीन घेतलं आणि गुरूच्या हातात दिलं. गुरू ते चालवायचा पूर्ण रेस देऊन, म्हणजे मुठीतला ट्रिगर शेवटपर्यंत दाबून. ओंडका कापायला तेच बरोबर आहे, मशीन त्यासाठीच केलेलं असतं. पण नाक, डोळे, ओठ कोरायचे तर पूर्ण रेसवर नाकाबरोबर गालही जातो. तिथे रेस अर्ध्यावर धरावी लागते, आणि ती बोटानं धरावी लागते. जरा जास्त झाली की साखळी लाकूड ओरबाडते, जरा कमी झाली की लाकडात अडकते आणि मशीन अंगावर उसळतं. मधली जागा तांदळाएवढी. ती मला सापडली होती. कशी सापडली ते विचारू नका. गुरू जेवायला जायचा, तेव्हा मी त्याचं मशीन चोरून चालवायचे, एवढंच सांगते.

"फॉर्मवर माझा नाव कित्याक नाय?" मी विचारलं.

"आबांनी भरलो फॉर्म," गुरू म्हणाला, आणि विहिरीकडे निघून गेला.

आबा पडवीत सुपारी कातरत होते. मी पत्र त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी ते वाचलं नाही, म्हणजे त्यांना माहीत होतं.

"बाईमाणसाक मशीन शिकवूक कोण बोलवता गो?" ते म्हणाले.

"फोटो माझ्या कामाचे आसत."

"काम घराचा. तुझा काय, माझा काय." अडकित्ता थांबला नाही. "तू उद्या लगीन करून जातलंस. मगे ही जागा दुसऱ्याच्या घरात जाईत. नाव ह्या घरात रवाक होया."

"आणि गुरूक नाक काढूक जमणा नाय, तेचा काय?"

आता मात्र अडकित्ता थांबला. आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर मला भांडता आलं असतं.

"तेका तू शिकव. तो लागलो काय तुका थंय मदतीक लावन घेयत. बारीक काम तूच करायचा. तुझा काम तुझ्याच हातात रवता, नाव फक्त तेचा. आणखी काय होया तुका?"

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि नाकावर माशी बसू देत नाही अशी माझी गावात ख्याती होती. तरी त्या बोलण्यापुढे मी नमले. का नमले, याचा विचार मी पुष्कळ केला आहे आणि उत्तर दर वेळी एकच येतं. मला ते मशीन रोज चालवायचं होतं. कुणाच्या का नावावर असेना, रोज सकाळी उठून लाकडातून तोंड काढायचं होतं. घरी राहिले असते तर गुरू नोकरीला आणि मी लग्नाला, मशीन आबा विकून टाकणार. मदतनीस का होईना, मी तिथे असणार होते. एवढ्यावर मी स्वतःची समजूत काढली.

पुढचे चार दिवस मी गुरूला शिकवलं. शिकवलं म्हणजे पाच ओंडक्यांची माती केली. तो मन लावून करायचा, पण त्याचं बोट ट्रिगरवर पडलं की पडलंच. वजनदार माणूस पाटावर बसतो तसं.

"हळू धर."

"हळूच धरलंय."

"ही हळू? नाक खंय आसा ता बघ."

नाक भुशात होतं. गुरूने मशीन खाली ठेवलं आणि कपाळावरचा घाम पुसला. "माका नाय जमणा गो," तो म्हणाला. तो रडवेला झाला होता. मला त्याची कीव आली. त्या क्षणी आली नसती तर बरं झालं असतं, कारण त्याच दुपारी मी पाचर केली.

पाचर म्हणजे शिवणीच्या लाकडाचा एक तुकडा, करंगळीच्या पेराएवढा. ट्रिगर आणि मूठ यांच्या मधल्या फटीत तो बसवला की ट्रिगर अर्ध्यापर्यंतच दाबला जातो. कितीही जोर लावा, पुढे जात नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण तुकडा केसभर जाड झाला की साखळी अडकायची, केसभर पातळ झाला की ओरबाडायची. मी तो अकरा वेळा घासला. दर वेळी मशीन स्वतः चालवून बघायचे, मग पाचर बसवून बघायचे, आणि आवाज जुळेपर्यंत परत घासायचे. कार्बोरेटरचा बारीक स्क्रू थोडा सैल केला, म्हणजे अर्ध्या रेसवर इंजिन गुदमरणार नाही. संध्याकाळ व्हायच्या आत आवाज जुळला. माझं बोट जिथे थांबत होतं, नेमकं तिथे आता लाकूड थांबत होतं.

तांब्याच्या तारेने ती बांधून मी मशीन गुरूच्या हातात दिलं. "दाब. व्हयां तेवढो जोर लाव."

त्याने दाबलं. पहिल्याच फटक्यात एक डोळा आला. जरा तिरका होता, पण डोळा होता. गुरू त्याच्याकडे बघतच राहिला.

"आता आयक," मी म्हटलं. "आदी पाचर काढून मोठा काम करायचा, पूर्ण रेसवर. मगे तोंडाक पाचर घालायची. आणि दोन मिन्टां झाली काय मशीन बंद. थंड होवंदे. अर्ध्या रेसवर क्लच धड धरणा नाय, धड सोडणा नाय, नुसतो घासता. तापलो काय जळतलो. आयकलंस मा?"

"होय गो, समाजला," तो म्हणाला आणि दुसरा डोळा काढायला लागला.

गुरुवारी परीक्षा झाली. केंद्राच्या आवारात तीन उभे ओंडके रोवले होते, तीन माणसं आली होती. दोन तासांत बाईचा चेहरा कोरायचा, फक्त मशीनने, पटाशी लावायची नाही. परीक्षक एकच, तळवणेकर सर. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, सडपातळ, हातात काठी. आबा धुतलेली टोपी घालून आले होते. मी पेट्रोलचा डबा धरून दोरीच्या बाहेर उभी होते.

देवगडहून आलेला एक माणूस होता. त्याचं नाव मला आता आठवत नाही, पण बोट आठवतं. माझ्यासारखंच होतं. पाचर नाही, काही नाही, नुसतं बोट. त्याच्या ओंडक्यातली बाई हसत होती. गुरूची बाई चांगली होती, जिवंत नव्हती. शेवटी शेवटी तर तो दोन मिनिटांचं भान विसरला आणि मशीनमधून जळका वास यायला लागला. मी दोरीवरून हात हलवला, तेव्हा त्याने बंद केलं.

तळवणेकर सर तिन्ही चेहऱ्यांवरून हात फिरवत आले. गुरूपाशी थांबले. चेहरा पाहून त्यांनी मान हलवली आणि पुढे निघाले, तेवढ्यात त्यांची नजर मशीनच्या मुठीवर गेली. काठी बगलेत धरून ते वाकले.

"हे काय आहे?"

"पाचर, सर," गुरू म्हणाला. "रेस अर्ध्यावर रवता. म्हणजे, राहते."

सरांनी ट्रिगर दाबून पाहिला. सोडला, परत दाबला. तार सोडवून पाचर तळहातावर घेतली आणि चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. माझं घुबडसुद्धा इतका वेळ कुणी पाहिलं नव्हतं.

"कुणाची कल्पना?"

गुरूने माझ्याकडे पाहिलं. तेवढं श्रेय त्याला दिलं पाहिजे, त्याने पाहिलं. पण त्याच्याआधी दोरीबाहेरून आबा बोलले.

"माझ्या झिलाची, साहेब. लहानपणापासून डोक्यालीटीचो."

सर माझ्याकडे वळले. "आणि या?"

"बहीण माझी," गुरू म्हणाला. "पेट्रोल-तेल बघते."

मी मान डोलावली. ठरलंच होतं ना तसं, मी मदतनीस, नाव त्याचं. मी ठरल्याप्रमाणे वागले.

सरांनी निकाल तिथेच सांगितला. "देवगडकरांचा चेहरा सगळ्यात उजवा आहे, यात वाद नाही," ते म्हणाले. "पण त्यांचं कसब त्यांच्या बोटात आहे. ते मुलांना देता येणार नाही. मला मूर्तिकार नको, शिकवणारा हवा आहे. ही पाचर ज्याने केली, त्याने स्वतःचं बोट दुसऱ्याला देण्याची सोय केली आहे. असा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. जागा गुरुनाथ मेस्त्रींना."

आबांनी टोपी काढून परत घातली. देवगडच्या माणसाने येऊन गुरूचा हात हातात घेतला आणि मनापासून अभिनंदन केलं. मी डबा उचलून टेम्पोत ठेवला. मला कुणाचा राग आला नव्हता, हे आज सांगितलं तर खोटं वाटेल. पण खरंच नव्हता. मी मनात माझ्या खोलीत खिडकी कुठे असेल, याचा विचार करत होते.

गुरू केंद्रात राहायला गेला. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. फोनवर विचारलं की "विचारतंय सरांका" म्हणायचा. महिनाभराने मीच बस पकडून गेले.

फाटकातून आत शिरायच्या आधीच मला आवाज ऐकू आला. आठ मशीनं एकदम चालू होती, सगळी अर्ध्या रेसवर. तो आवाज माझ्या ओळखीचा होता, माझ्या बोटाचा आवाज. आठ माणसं आठ ओंडक्यांपुढे उभी होती आणि प्रत्येकाच्या ओंडक्यात काही ना काही उमटत होतं, कुणाचं कासव, कुणाचा मासा. कालपर्यंत कोयता धरणारी माणसं. मी पहिल्या मशीनजवळ गेले. मुठीला पाचर होती, पण तार नव्हती. दोन स्क्रूंनी ती कायमची घट्ट बसवली होती.

"इलंस?" गुरू हसत आला. अंगावर केंद्राचा खाकी कोट होता. "बघ, कशी करतत सगळी."

"पाचर काढतास कशी?"

"काढतो खंय? दर खेपेक काढा-घाला कोण करता? पोरां विसरतत. आता ती थंयच रवता."

"मगे मोठा काम?"

"हळूहळू होता अर्ध्यावरच. घाय कोणाक आसा?"

मी कान दिला. तिसऱ्या मशीनचा आवाज किंचित घोगरा होता. क्लच घासत होता. अजून वास येत नव्हता, पण आठ-पंधरा दिवसांत आला असता. मला एक वाक्य बोलायचं होतं. स्क्रू काढ आणि दोन मिनिटांनी मशीन बंद करायला लाव, एवढंच. ते वाक्य माझ्या ओठांवर होतं, हे मी शपथेवर सांगते.

पण ज्या कामासाठी आले होते, ते मी आधी विचारलं.

"माझ्या जाग्याचा काय झाला?"

गुरूने कोटाच्या खिशात हात घातले. "सरांका विचारलेलंय," तो म्हणाला. "ते म्हणाले, मदतनीस कशासाठी पाहिजे? आणि खरा सांगू काय, हेमा? बारीक कामाक तुझी गरज होती, ता आता पाचर करता. तू उगाच हय येवन काय करतलंस? आये घरच्या कामाक एकटी आसा."

त्यात काही कपट नव्हतं. तो मला हिताचं सांगत होता, कपातला चहा ओतून अर्धा मला देत सांगत होता. माझ्याकडे या जगात एकच गोष्ट होती जी त्याच्याकडे नव्हती, आणि ती मीच अकरा वेळा घासून, तारेने बांधून त्याच्या हातात दिली होती. आता मी रिकामी होते आणि ते मला समजावून सांगायची पाळी त्याच्यावर आली होती.

चहा मी घेतला. ते वाक्य चहाबरोबर गिळलं. तिसऱ्या मशीनजवळून जाताना क्षणभर पाय घुटमळले, मग बसची वेळ झाली म्हणून निघाले. बस यायला पाऊण तास होता.

पहिलं मशीन बावीस दिवसांनी बंद पडलं. मग दोन एकदम. गुरू म्हणायचा, मशीनं खराब पाठवली. दुकानदार म्हणायचा, चालवणाऱ्यांना अक्कल नाही. होळीच्या सुमाराला सहावं मशीन पेटल्यासारखं झालं. क्लचवरचं कव्हर वितळून तिकडच्याच एका माणसाच्या मांडीवर सांडलं. दाजी नाव त्याचं, दोन लेकरांचा बाप, कासव कोरत होता. तो जगला, पण बरेच दिवस इस्पितळात पडून होता. चालताना पाय ओढतो, असं नंतर ऐकलं. मी त्याला भेटायला गेले नाही. आजही गेलेले नाही.

चार दिवसांनी तळवणेकर सर आमच्या घरी आले. गुरू त्यांच्याबरोबर होता, कोट नव्हता अंगात. सर पडवीतल्या बाकावर बसले. आईने पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

"मशीनवाल्यांचा माणूस येऊन गेला," ते म्हणाले. "अर्ध्या रेसवर तासन्‌तास चालवल्याने क्लच जळले, असं त्याने लिहून दिलं आहे. ट्रिगर अर्ध्यावर अडकवून ठेवायचा हे ज्याच्या डोक्यातून निघालं, त्याला मशीनची काडीची माहिती नाही, असं तो म्हणाला. मला समितीला अहवाल द्यायचा आहे. गुरुनाथ, ही पाचर तुम्ही केलीत ना?"

गुरू जमिनीकडे बघत होता. त्याचा अंगठा दुसऱ्या अंगठ्याला खरवडत होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला वाटलं, आता हा हो म्हणेल आणि बुडेल, आणि मला काय वाटेल तेव्हा, कोण जाणे.

आबा उठून उभे राहिले.

"साहेब, माझ्या झिलाक कशाक बोलतास?" ते म्हणाले. "तेचो काय दोष? ती पाचर ह्या चेडवान केल्यान. हेमान. तो बिचारो भयणीवर भरवसो ठेवन बसलो."

एवढं स्पष्ट, एवढं खरं आबा माझ्याबद्दल आयुष्यात कधी बोलले नव्हते. परक्या माणसासमोर तर नाहीच. गुरूने मान वर केली नाही. आईने पदर तोंडाला लावला.

सर बराच वेळ माझ्याकडे बघत होते. परीक्षेच्या दिवशी तळहातावर पाचर घेऊन बघत होते, तसेच. "तुम्ही?" ते म्हणाले. "त्या दिवशी तिथेच होतात तुम्ही."

"हो."

"तुम्ही केलीत ती?"

"हो. मी केली." मी दारातून पुढे आले. "घुबडही माझं आहे. अर्जातलं सगळं काम माझं आहे."

"त्याचा आता काय उपयोग?" सर थकलेल्या आवाजात म्हणाले. "क्लच जळेल, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं."

"यांना सांगितलं नाहीत?"

"पहिल्या दिवशी सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगायला पाहिजे होतं, तेव्हा नाही सांगितलं."

गुरूने तेव्हा माझ्याकडे पाहिलं. त्याला तो चहा आठवला असणार.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. केंद्र त्याच पावसाळ्यात बंद पडलं, गुरू गोव्याला एका वखारीत लागला. माझं कुडाळला मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. अर्ध्या रेसवर किती वेळ चालवायचं, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला मी तीन-तीनदा सांगते आणि लोक मला वेडी समजतात. पण त्या दिवसाचं सांगायचं तर सरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला, पिशवीतून अहवालाचा कागद काढला, गुडघ्यावर धरला, गुरूचं नाव होतं तिथे आडवी रेघ मारली आणि मला माझं पूर्ण नाव विचारलं.

मी सांगितलं. ते लिहीत होते तोवर थांबले, आणि मग मधलं आबांचं नावही नीट ऐकू जाईल असं परत एकदा सांगितलं.